हाल्वारचा डावा हात

हेस्टोया बेटाच्या धक्क्याला बोट लागली तेव्हा उल्रिकाने सवयीने बर्फाच्या गोदामाकडे पाहिलं. दर खेपेला तिथे आस्लाउगची हिरवी गाडी उभी असायची आणि गाडीला टेकून स्वतः आस्लाउग, डोक्याला रुमाल घट्ट बांधून. आज तिथे कुणी नव्हतं. नर्स पुरवणाऱ्या एजन्सीने फोनवर पत्ता कळवला होता: जाळ्यांच्या दुकानाच्या वरची खोली, किल्ली दुकानदाराकडे. उल्रिका बॅग ओढत चालत गेली.

ती स्वीडनमधल्या सुंड्सवालची. तिथल्या रुग्णालयातली कायमची नोकरी तिने बऱ्याच वर्षांपूर्वी सोडली होती. तेव्हापासून ती नॉर्वेच्या उत्तरेकडे बदलीची नर्स म्हणून जायची, कुठे सहा आठवडे, कुठे दोन महिने. कुणी रजेवर गेलं, कुणी बाळंत झालं, की त्या जागी उल्रिका. बहुतेक गावं एकदा पाहिली की तिच्या डोक्यातून जायची. हेस्टोया गेलं नाही. इथल्या आरोग्य केंद्रात डायलिसिसच्या चार खुर्च्या होत्या आणि त्यांवर बसणारी माणसं तिला नातवंडांच्या नावांसकट माहीत होती. वर्षातून दोनदा ती इथे यायची, आस्लाउगच्या माडीवर राहायची, आणि निघताना सगळे विचारायचे, आता कधी? हा प्रश्न ऐकायला तिला फार आवडायचं. इतकं, की मधल्या महिन्यांत कुठल्यातरी परक्या गावात एकटीने जेवताना तो आठवून तिला बरं वाटायचं.

या वर्षी मुलाच्या लग्नामुळे तिची वसंतातली खेप तेवढी चुकली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आस्लाउगकडे गेली, घरून आणलेली आल्याची बिस्किटं घेऊन. आस्लाउगने दार उघडलं, तिला मिठीत घेतलं, आणि मग जराशी अवघडून बाजूला झाली.

"मी येणार होते गं धक्क्यावर," ती म्हणाली. "पण गाडी विब्केने नेली होती. तिला रंगाचे डबे आणायचे होते."

"विब्के कोण?"

"म्हणजे तुला कुणी सांगितलं नाही? डेन्मार्कची. वसंतात तुझ्याऐवजी आलेली. आता राहिलीच की इथे. कायमची घेतली रांदीने तिला."

रांदी म्हणजे केंद्राची मुख्य परिचारिका. उल्रिका काही बोलायच्या आत माडीवरून आवाज आला, "आस्लाउग, वॉफलचं पीठ मी भिजवू का तुम्ही भिजवताय?"

"तूच भिजव," आस्लाउग वर बघून म्हणाली, "मागच्या खेपेला माझं पातळ झालं होतं."

उल्रिका या घरी इतकी वर्षं राहिली, पण आस्लाउगने तिला कधी पिठाला हात लावू दिला नव्हता. पाहुणीने बसायचं, असं ती म्हणायची. तेव्हा उल्रिकाला तो मान वाटला होता.

विब्के खाली आली. पस्तिशीची, उंच, कोपरापर्यंत पिवळा रंग लागलेला. तिने बेटाच्या टोकाजवळचं जुन्या मास्तरांचं घर घेतलं होतं आणि ते राहण्याजोगं होईपर्यंत ती माडीवर होती. "तुम्ही उल्रिका," ती म्हणाली. हसली, पण हसू जेमतेम ओठांपुरतं होतं. उल्रिकाही तितकंच हसली. वॉफल छान झाले होते. उल्रिकाने एकच खाल्ला.

सोमवारी केंद्रात हाल्वार आला. हाल्वार चाळीस वर्षं मासेमारीच्या बोटीवर कप्तान होता आणि आता आठवड्यातून तीनदा डायलिसिसच्या खुर्चीत बसून सगळ्यांवर कप्तानकी करायचा. डायलिसिससाठी त्याच्या डाव्या हाताची नस शस्त्रक्रियेने फुगवलेली होती, पण ती चमत्कारिक वळण घेऊन जायची. दर वेळी तिथे दोन सुया लागायच्या, एक रक्त यंत्रात न्यायला आणि एक परत आणायला, आणि भल्याभल्यांची सुई तिथे चुकायची. उल्रिकाची कधी चुकली नव्हती. इतर नर्स आल्या की हाल्वार म्हणायचा, टोचा काय टोचायचं ते, स्वीडन येईपर्यंत सोसतो. तो तिला स्वीडनच म्हणायचा.

"आली का स्वीडन," तो आताही म्हणाला आणि टोपी काढली. "लग्न झालं का पोराचं? सून कशी आहे?"

"चांगली आहे," उल्रिका म्हणाली आणि हातमोजे चढवायला लागली.

"थांब थांब. हाताचं विब्के करते."

विब्के आली, हाल्वारच्या हातावरची बारीकशी खपली काढली आणि बोथट सुई त्या भोकातून अलगद आत सरकवली, कुलपात किल्ली घालावी तशी. हाल्वार बोलता बोलता थांबलासुद्धा नाही. दर वेळी त्याच जागी, त्याच कोनात सुई घालायची म्हणजे आत वाटच तयार होते. पण ती वाट पडेपर्यंत प्रत्येक खेपेला एकाच माणसाचा हात लागतो. उल्रिकाला ही पद्धत माहीत होती. सहा आठवड्यांनी निघून जाणाऱ्या बाईला ती कुठून जमणार?

"दुखत नाही?" तिने विचारलं.

"मुळीच नाही."

"माझ्या वेळी दुखायचं?"

हाल्वारने तिच्याकडे पाहिलं. "तुझ्या वेळी इतरांपेक्षा कमी दुखायचं," तो म्हणाला. त्याला खोटं बोलता येत नसे.

त्या दिवसापासून उल्रिकाच्या डोळ्यांत विब्के खुपायला लागली. तिचं मोठ्याने हसणं, कपाटातल्या पट्ट्या डावीकडून उजवीकडे हलवणं, चारी पेशंट तिला नावाने हाक मारतात ते. स्वीडन हे काही नाव नव्हे, हे उल्रिकाला इतक्या वर्षांत पहिल्यांदा जाणवलं. दुपारी रांदीबरोबर कॉफी घेताना ती सहज विचारल्यासारखं म्हणाली, "तिचं डॅनिश बोलणं कळतं का गं म्हाताऱ्यांना? घशात बटाटा अडकल्यासारखं बोलतात ते लोक."

"सुरुवातीला नाही कळायचं," रांदी म्हणाली. "आता कळतं."

"आणि खरंच राहील का ती? घर घेणं सोपं असतं. एक हिवाळा गेला की पळतात सगळे."

रांदीने कप खाली ठेवला. "तू तर न राहताच पळतेस," ती म्हणाली. हसत म्हणाली, पण म्हणाली.

पुढच्या आठवड्यात विब्केच्या घरी छपराचे लोक येणार होते, म्हणून तिने एक दिवस रजा घेतली. जाण्याआधी तिने उल्रिकाला हाल्वारचा हात नीट दाखवला. सुईचा कोन, किती आत, कुठे किंचित वळवायची, सगळं. दुसरीकडे टोचायचं नाही, अशी लेखी सूचनाही तिने फाइलीत ठेवली. उल्रिका मान डोलवत होती आणि ऐकत नव्हती. ह्या नसेत मी सुया घालत होते तेव्हा तू कुठे होतीस, एवढंच तिच्या मनात चाललं होतं.

हाल्वार आला, खुर्चीत बसला, बाही वर केली. उल्रिकाने खपली काढली, बोथट सुई घातली. सुई अडली. ती जरा वळवायला हवी होती. उल्रिकाने ती बाहेर काढली.

"काय झालं?" हाल्वारने विचारलं.

"काही नाही. आज आपण जुन्या पद्धतीने करू. वर एक चांगली जागा दिसतेय मला."

"विब्के म्हणाली होती, दुसरीकडे टोचायचं नाही म्हणून."

"मला शिकवताय का हाल्वार?" तिचा आवाज तिला वाटलं त्याहून तिखट निघाला. हाल्वारने हात खुर्चीच्या दांड्यावर ठेवला. तिने धारदार सुई घेतली आणि वरच्या जागी घातली. रक्त आलं. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की तिने दारात कुणी बघतंय का ते पाहिलं. मग दुसरी सुई घालून तिने यंत्र सुरू केलं आणि हाल्वार ओरडला. उल्रिकाने तो माणूस ओरडताना कधी ऐकला नव्हता. वरची सुई नसेच्या मागच्या भिंतीतून आरपार गेली होती. तिने यंत्र बंद केलं, सुया काढल्या, दाबून धरलं. पण तेवढ्यात हाताला लिंबाएवढी गाठ आली होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत ती कोपराकडे पसरत, काळीनिळी होत गेली.

त्या हाताला आता काही आठवडे सुई लावता येणार नव्हती. हाल्वारला त्याच दुपारी मुख्य भूमीवरच्या मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागलं, डायलिसिससाठी मानेत नळी बसवायला. डॉक्टरांना फोन उल्रिकानेच केला आणि काय केलं ते सरळ सांगितलं. रांदीने समोर बसवून विचारलं, "सूचना वाचली नव्हतीस?"

"वाचली होती."

"मग?"

उल्रिकाने टेबलावरचा सूचनेचा कागद उलटा करून ठेवला.

विब्केला बातमी छपरावर असतानाच कळली. दुसऱ्या दिवशी ती आली आणि सरळ यंत्र पुसायला लागली. उल्रिका दुसऱ्या बाजूने पुसायला लागली. शेवटी उल्रिकाच म्हणाली, "चूक माझी आहे. बोल काय बोलायचं ते."

विब्केने फडका बादलीत टाकला. "बोलू? वसंतात मी आले तेव्हा हाल्वारने दोन आठवडे माझ्याशी तोंड उघडलं नाही. काहीही करा, बाकीचे म्हणणार, उल्रिका असं नाही करायची. कॉफी पातळ, उल्रिकाची दाट असायची. सुई दुखली, उल्रिकाची नाही दुखायची. आस्लाउगकडे जेवायला बसले तर तिथेही तुमचंच नाव. रोज रडत झोपत होते मी. तुमच्यासारखी सुई मला जन्मात जमली नसती, म्हणून मी रजा काढून ही दुसरी पद्धत शिकून आले. चार महिने लागले ती वाट तयार व्हायला. आणि तुम्ही एका दिवसात..." ती बाहेर निघून गेली.

उल्रिका तिथेच उभी राहिली. तिला शरम वाटायला हवी होती, आणि वाटतही होती. पण त्या शरमेच्या खाली कुठेतरी तिला आनंद होत होता. दोन आठवडे तोंड उघडलं नाही हाल्वारने. माझ्यासाठी. तो म्हातारा तिकडे मानेत नळी घेऊन पडलाय आणि आपण हे मोजतोय, हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा ती फडका हातात तसाच घेऊन हाल्वारच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

हाल्वार परत आला तेव्हा हात गळ्यात बांधलेला होता. सगळ्यांसमोर म्हणाला, "दोन बायका माझ्या हातावरून भांडल्या. या वयात मला खरं तर गर्व वाटायला हवा." सगळे हसले. मग उल्रिका उशी नीट करायला वाकली तेव्हा तो हळू आवाजात म्हणाला, "रागावलो नाही गं. पण या हाताला तू परत हात लावायचा नाहीस."

"बरं," उल्रिका म्हणाली.

राहिलेले दिवस तिने इतर तिघांचं केलं. त्यांनीही ओळखलं होतं सगळं, पण कुणी विषय काढला नाही. जायच्या आदल्या रविवारी आस्लाउगने तिला जेवायला बोलावलं. विब्के घराच्या कामावर होती. उकडलेला मासा, बटाटे आणि लोणी, दोघींपुरतंच.

"माझ्यावर राग आहे का तुमचा?" उल्रिकाने विचारलं.

"राग कसला?" आस्लाउग बटाटा सोलत म्हणाली. "तीनदा विचारलं आम्ही तुला, रहा म्हणून. रांदीने दोनदा, मी एकदा. तू दर वेळी म्हणालीस, बघू. आम्हाला वाटलं, हिला नकोच आहे. नको असेल तर जी राहते तिला जीव लावायचा नाही का आम्ही? आम्हालाही कुणीतरी लागतं गं, हिवाळ्यात."

उल्रिकाच्या ताटातला मासा थंड झाला. तीनदा विचारलं होतं. प्रत्येक वेळी ती किती सुखावली होती ते तिला लख्ख आठवत होतं. हो म्हटलं असतं तर पुन्हा कुणी विचारलं नसतं, म्हणून तर ती बघू म्हणत आली होती.

सोमवारी ती रांदीकडे गेली आणि जागा आहे का विचारलं. असं विचारायची तिची ही पहिलीच वेळ.

रांदीने ड्युटीचा तक्ता पाहिला. "डायलिसिसला नाही," ती म्हणाली. "तिथे विब्के आहे. घरोघर जाऊन म्हाताऱ्यांच्या जखमा बांधायचं काम आहे, अर्ध्या वेळेहून थोडं जास्त. गाडी जुनी आहे. आणि अडीअडचणीला विब्के सांगेल तसं इकडे करावं लागेल. विचार कर."

"विचार केला तर मी जाईन," उल्रिका म्हणाली. "आत्ताच काय ती सही घे."

हिवाळा कठीण गेला. जाळ्यांच्या दुकानावरची खोली वारा लागला की कण्हायची. लोक तिच्याशी चांगले वागत, पण तिच्या येण्याने आता कुणी हरखून जात नसे. ती रोजचीच झाली होती. विब्के नवं घर लावून झाल्यावर तिला एकटीला बोलावेल असं वाटलं होतं. तिने बोलावलं, पण सगळ्यांबरोबर.

फेब्रुवारीत विब्के तापाने पडली आणि उल्रिकाला डायलिसिसला जावं लागलं. हाल्वारचा हात बरा झाला होता, विब्केने पुन्हा वाट पाडत आणली होती. तो खुर्चीत बसला. दुसरं कुणीच नव्हतं. त्याने लगेच बाही वर केली नाही, आणि उल्रिका ट्रेमधल्या सुया पुन्हा मांडत राहिली. मग त्याने बाही वर केली.

तिने आधी विब्केला फोन लावला. "कोन परत सांग," ती म्हणाली. "आणि वळवायची कुठे तेही." पलीकडून विब्के खोकत खोकत सांगत राहिली आणि उल्रिकाने या वेळी शब्द न् शब्द ऐकला. सुई अडली, तिने ती किंचित वळवली, सुई गेली.

"दुखलं?" तिने विचारलं.

"थोडं," हाल्वार म्हणाला. "विब्केचा हात हलका आहे."

उल्रिकाच्या मनात मत्सराची कळ आली, ओळखीची, जशीच्या तशी. ती गेली नव्हती आणि जाईल असं उल्रिकाला वाटतही नव्हतं.

"हो," ती पट्टी लावत म्हणाली, "आहे खरा हलका." आणि तिने दुसरी सुई घेतली.