नेढ्यातला फोकस

“आता सांगतो त्यावर तुझाच काय, कुणाच्या बापाचा विश्वास बसणार नाही,” असं बजावून मामांनी कॅमेरा भाचीच्या हातात दिला आणि खुर्ची मागे सरकवून ऐसपैस बसले. थापा मारणाऱ्याला जागा जरा जास्तच लागते.

प्रश्न रविवारचा होता. खुर्च्यांच्या कारखान्यातल्या चाळीस कारागिरांचे, हात चालू असतानाचे फोटो काढायचं काम भाचीला मिळालं होतं आणि जोडीला एक माणूस हवा होता. स्टुडिओ बंद केल्यापासून मामा अशा बोलावण्यासाठी झुरत होते, हे फक्त मामींना ठाऊक. भाचीची अट एकच होती: आपोआप फोकस लावणारी नवी लेन्स वापरायची, ती हाताने फिरवायची म्हातारी लेन्स घरी ठेवायची. मागच्या खेपेला फोकस लागेपर्यंत मामांनी एका गृहस्थाला एवढं ताटकळत ठेवलं, की बसला तेव्हा त्याची दाढी गुळगुळीत होती आणि उठला तेव्हा पांढरी. म्हणून सरावासाठी तिने आपला जादाचा कॅमेरा नव्या लेन्ससकट आठवडाभर मामांकडे ठेवला होता.

नवी लेन्स दोन दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी मामांनी तिला डबीत निजवलं आणि कपाटातून जुनी काढली. पितळ आणि काच, हातात घेतली की मनगटाला कळावी अशी जड. फोकसची रिंग मात्र घट्ट मधात चमचा फिरावा तशी फिरणारी. नव्या कॅमेऱ्यावर ती बसेना. मामांनी लेथवाल्याकडे चार चकरा मारून दोघांना जोडणारी मधली कडी कातून घेतली. तिथे केसभर चूक झाली, तर लांबचं काही स्पष्ट दिसायचं नाव नको. कडी बसली, लेन्स बसली, आणि पडद्यावर अक्षरं उमटली: लेन्स जोडलेली नाही. उभा जन्म जिच्यावर घर चाललं, तिची ही ओळख! मामा दिवसभर कॅमेऱ्याशी बोलले नाहीत. शेवटी मामींनीच भिंग धरून मेनू वाचला आणि लेन्स दिसली नाही तरी फोटो काढायची परवानगी त्यातून हुडकून काढली. मग त्या शिलाई मशीनवर दोरा ओवायला वाकल्या. मामांनी दोन बोटांनी रिंग फिरवली, थोडी पुढे, जराशी मागे, आणि बटण दाबलं.

भाची यायच्या आत मामांनी कॅमेऱ्यावर नवी लेन्स परत चढवून ठेवली होती, आणि तोच फोटो आता तिच्या हातात होता. सुईचं नेढं आणि त्यात शिरणारं दोऱ्याचं टोक, तेवढंच लखलखीत. मामींचा चेहरा साखरझोपेतून उठल्यासारखा मऊ, आणि मागच्या खिडकीतला उजेड भोवऱ्यासारखा गरगरलेला.

मामा नव्या लेन्सचे पराक्रम सांगत सुटले होते. आधी म्हणे तिने मामींचं नाक ओळखलं, मग समोरच्या गच्चीवरच्या कबुतराच्या डोळ्यात कचरा गेलाय का ते पाहून आली, आणि परत फिरली ती थेट नेढ्यात, दोऱ्याच्याही आधी. आपण बोटसुद्धा लावलं नाही. मामी घड्या घालत होत्या. त्यांनी एकच टॉवेल चार वेळा उलगडला.

भाचीने फोटो मोठा केला. नेढ्यापाशी ती बराच वेळ थांबली. मग एक बटण दाबून तिने फोटोची नोंद उघडली. अशी काही नोंद असते, हे मामांच्या गावीही नव्हतं.

“मामा, नवी लेन्स आपलं नाव, आपलं माप, सगळं कॅमेऱ्याला सांगते. इथे रकाने कोरे आहेत.”

नवीन आहे, लाजत असेल, असं मामांनी सुचवून पाहिलं.

“मामी, तुम्हाला किती वेळ बसवलं?”

“दोरा ओवेपर्यंत,” मामी म्हणाल्या. “आणि तो एका फटक्यात ओवला गेला.”

भाचीने पुन्हा एकदा नेढ्याकडे पाहिलं.

“धादांत खोटं बोलताय, मामा. हा फोटो तुमच्या म्हातारीचा आहे. रविवारी तिलाच घेऊन या.”