माफीची पोरं

चंदनानं तिसरा तांब्या डोक्यावर ओतला, तसा बाळगोंडा दचकून मागं सरला आणि न्हाणीच्या दगडावरून त्याचा पाय घसरला. तिनं दंड धरून त्याला सावरलं. लागलं कुठंच नव्हतं, तरी नऊ वर्षांचं पोर हुंदके देऊन रडायला लागलं.

“काय झालं रं?”

“तिच्या डोस्क्यातनं लई रगात आलं, आई.”

“कुणाच्या?”

त्यानं तोंडावर हात दाबला. चंदनानं तांब्या खाली ठेवला, पदरानं त्याचं अंग पुसलं आणि तिथंच ओल्या दगडावर बसली. मग पोर बोललं. आज मळ्यातल्या सुट्टीच्या वर्गात विहिरीच्या पायरीवरून एक पोरगी घागरीसकट पाण्यात गेली. पडताना डोकं दगडावर आपटलं. मास्तर मळ्याच्या दुसऱ्या टोकाला आंब्याखाली पेपर वाचत होते. मोटेवरच्या भरमूनं उडी टाकली आणि तिला वर काढलं. मग मास्तरांनी सगळ्या पोरांना रांगेत उभं केलं आणि घरी अवाक्षर काढायचं नाही म्हणून देवाची आण घातली.

“कुणाची पोरगी?”

“वखारीतल्या मनुबाईची.”

निपाणीत तो सुट्टीचा वर्ग त्या वर्षी, अडतीस साली, पहिल्यांदाच निघाला होता. वैशाखाच्या उन्हात पोरं गावभर उंडारतात, त्यापेक्षा सकाळी सातला अक्कोळ रस्त्यावरच्या मळ्यात पाठवा, पाचला परत न्या, असं गावातल्या चार मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. लेझीम, टकळी, गाणी, पोहणं. दुपारी भाकरी, पिठलं, ताक. गरिबांच्या मुलांना फी माफ. छापील पत्रक घरोघर वाटलं होतं आणि त्यात लिहिलं होतं की मुलांकडं डोळ्यांत तेल घालून लक्ष पुरवलं जाईल. खाली व्यवस्थापकांची नावं होती. त्यांत चंदनाचा नवरा धनपाल याचंही होतं.

दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची त्यांच्या घरची रीत. धनपाल दुकानातून येऊन पाटावर बसला. चंदनानं वाढता वाढता विचारलं,

“मळ्यातलं तुम्हांला ठावं हुतं?”

त्यानं भातात कढी कालवली. “हेरवाडे मास्तर दुपारीच दुकानावर आलतं. पोरगी वाचली की. आता बोभाटा करून वर्ग बंद पाडायचाय का?”

“तिच्या आईला काय सांगितलंय?”

“ऊन लागलं, चक्कर येऊन पडली म्हणून.”

“आपला बाळू पडला असता नि मला असंच सांगितलं असतं, तर?”

“आपला बाळू पाणी वढायला जातोय व्हय?”

ते त्यानं इतक्या सहज म्हटलं की चंदनाच्या हातातली पळी तशीच राहिली.

“म्हंजे?”

“अगं, फी माफ हाय त्या पोरांची. स्वयंपाकाचं पाणी भरत्यात, झाडलोट करत्यात. त्यात काय एवढं? वाढ भात.”

चंदनानं भात वाढला. स्वतः मात्र त्या दिवशी जेवली नाही.

सकाळी ती बाळगोंडाला वर्गाला पाठवून तडक मनुबाईच्या घरी गेली. वखारीच्या मागच्या गल्लीत एका खोलीचं घर. दारातच तंबाखूची धूळ घशाला लागत होती. मनुबाईची गुणा वाकळेवर पडली होती. आठ वर्षांची पोर, कपाळाला फडकं बांधलेलं, अंगात ताप. मनुबाई कामावर निघायच्या तयारीत होती. धनपाल अण्णांची बायको दारात बघून ती गडबडली आणि गोणपाट अंथरायला लागली.

“बसायला न्हाय आलो, मनुबाई. तुझी पोरगी चक्कर येऊन पडली न्हाय. विहिरीत पडली.”

मनुबाईचे हात थांबले. तिनं वळून लेकीकडं पाहिलं. गुणानं डोळे मिटून घेतले.

“खरं काय गं, गुणा?”

पोरीनं मान हलवली. “शपथ घातलीया मास्तरनी.”

चंदनानं ऐकलं होतं ते सगळं सांगितलं. घागर, शेवाळलेली पायरी, आंब्याखालचे मास्तर. सांगताना तिचा आवाज चढत गेला. “असा वर्ग पायजेच कशाला? मी आज घराघरांत जाऊन सांगतो. कुलूप लागलं तरी चालंल.”

मनुबाई खाली बसली. लेकीच्या कपाळावरचं फडकं तिनं उगीचच नीट केलं.

“आक्का, तेवढं करू नगा.”

“अगं, तुझी पोर मरता मरता वाचली!”

“व्हय. पर वर्ग मोडला तर हिला ठेवू कुठं? गेल्या उन्हाळ्यात संगट न्हेत हुतो वखारीत. दिवसभर त्या धुळीत बसायची. आषाढ सरला तरी खोकला गेला न्हाय. हितं निदान झाडाखाली असती. दुपारचं पोटभर मिळतंय.” तिनं दारातून वखारीच्या भिंतीकडं पाहिलं. “त्यांनी खोटं सांगितलं ह्याचा राग मलाबी येतोय, आक्का. पर मी रागावून करू काय?”

चंदनाचा संताप आणखीच वाढला.

भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन ती मळ्यापर्यंत चालत गेली. पोरं नुकतीच पोहून वर आली होती. हेरवाडे मास्तर खुर्चीवरून उठले.

“या, या वहिनी. धनपालशेटनी काही निरोप...”

“निरोप माझाच हाय. हजेरीचं पुस्तक दाखवा.”

मास्तरांनी हसून पुस्तक पुढं केलं. चंदना चौथीपर्यंत शिकली होती. तिनं बोट ठेवत ठेवत एकेक नाव वाचलं. चौतीस मुलांची नावं, बापाच्या नावासकट. शेवटी एक ओळ होती: माफीची पोरं, बारा.

“ह्यांना नावं न्हाईत व्हय?”

“फी नाही, म्हणून वेगळी नोंद. त्यात वावगं काय?”

“पत्रकात गरिबांना फी माफ लिवलंय. आठ वर्साच्या पोरीनं सेहेचाळीस जणांचं पाणी वढायचं, हे कुठं लिवलंय?”

“वहिनी, स्वावलंबन नको का शिकायला?”

“मग ह्या चौतिसांना का शिकवत न्हाई तुम्ही? त्यांना नको स्वावलंबन?”

पोरं गोळा झाली. भरमूनं मोट थांबवली. मास्तरांचा चेहरा उतरला, मग हळूहळू कठीण झाला. त्यांनी उपरण्यानं मान पुसली.

“स्वयंपाकाचं पाणी सकाळीच भरून झालं होतं. ती पडली त्या वेळी पाणी काढायला मी तिला सांगितलेलंच नव्हतं. कुणी सांगितलं, ते तुमच्या चिरंजीवांना विचारा.”

चंदनानं वळून पाहिलं. बाळगोंडा ओल्या लंगोटीवर उभा होता. त्याच्या पायाखाली पाण्याचं थारोळं झालं होतं.

“बाळू?”

“तहान लागलती.” तो मातीकडं बघत म्हणाला. “ती झाडत हुती. मी म्हणलं, ए माफी, पाणी आण. घागरीतलं तापलंय, ताजं आण. ती न्हाय म्हणली. मग मी म्हणलं, मास्तरांना सांगीन, भाकरी बंद करत्यात.”

कुणी हसलं नाही. चंदनाला वाटलं, पोराच्या एक कानशिलात ठेवून द्यावी. हात उचललाही होता. पण त्या एका चपराकीत सगळं मिटून जाईल, मास्तर सुटतील, घरी ‘वाढ भात’ म्हणणारा नवरा सुटेल आणि पोरही सुटेल, असं तिच्या मनात आलं आणि हात खाली आला.

“मास्तर,” ती म्हणाली, “उद्यापास्नं पाणी भरमू काढंल. काढणार न्हाई म्हणला तर तुम्ही काढा. पोरं पाण्यात असताना खुर्ची विहिरीच्या काठावर ठेवायची. पुस्तकात बारा नावं लिवायची. आन् काय घडलं ते सगळ्या आईबापांना आजच कळवायचं. तुम्ही न्हाई कळवलं तर मी दारोदार जाऊन सांगतो, माझ्या पोरानं काय केलं तेबी सांगतो.”

“धनपालशेटना हे मान्य आहे?”

“त्यांना मी सांगतो.”

तिनं बाळगोंडाला कपडे घालायला लावले आणि त्याला घेऊन ती निघाली. गावात शिरल्यावर पोर सवयीनं घराच्या बोळाकडं वळलं, तर तिनं त्याचं मनगट धरून त्याला वखारीकडं वळवलं.

मनुबाई खाडा करून घरीच राहिली होती. मायलेकरांना बघून ती उठली. चंदना उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून उभी राहिली.

“सांग.”

बाळगोंडानं सांगितलं. तुटक, अडखळत, पण सगळं सांगितलं, भाकरीचंही. मनुबाई ऐकत होती. समोर मोठ्या घरचं पोर होतं; तिनं नुसतीच पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

“चुकलं माझं,” बाळगोंडा म्हणाला.

गुणा वाकळेवर उठून बसली होती. तापानं डोळे लाल झालेले, पण नजर त्याच्यावरून हलत नव्हती.

“कुणाला म्हणतोस?”

“तुला.”

“मला म्हंजे कुणाला? माझं नाव सांग की.”

बाळगोंडानं तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. एकोणीस दिवस दोघं एका मळ्यात होती. एका भाकरीच्या टोपल्यातून जेवली होती. त्याचे कान लाल झाले. त्यानं मान वळवून आईकडं पाहिलं.

नाव चंदनाच्या अगदी ओठांवर होतं. तिनं ते सांगितलं नाही.