लाल पेडाचा दोर

आग विझवणाऱ्यांचे दोर गावातल्याच लहान कारागिराकडून घ्यायचे, असा नगरपालिकेने नियम केला, तेव्हा दोरवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. आजवर मोठ्या व्यापाऱ्यांपुढे त्याला तिथे कोणी उभं केलं नव्हतं. पण काम पदरात पडलं आणि तो बोटांवर दिवस मोजायला लागला. दोन हातांनी एवढे दोर मुदतीत वळायचे कसे?

तेवढ्यात एका व्यापाऱ्याचा माणूस आला. त्याने ओट्यावर तयार दोरांची भेंडोळी उतरवली.

"काका, नियम तुमचा, माल आमचा. तुम्ही फक्त खूण घाला."

खूण म्हणजे दोराच्या टोकाला हातभर लाल पेड. बापाच्या वेळेपासूनची. स्वतः दोराला लटकून बघितल्याशिवाय दोरवाला तो पेड कधी गुंफत नसे.

"आधी लटकून बघतो."

"हे काय वय आहे का माकडासारखं लटकायचं? आणि मुदत चुकली तर साहेब म्हणतील, लहानांना झेपत नाही. नियमच जाईल मग."

दोरवाला कसनुसं हसला आणि पेड गुंफत बसला. शेवटच्या भेंडोळ्यात त्याचा अंगठा रुतला. आत पीळच नव्हता, नुसता भुसभुशीत काथ्या. बाकीची भेंडोळी गाडीत चढली होती. त्याने त्यालाही पेड गुंफला आणि तेही गाडीत चढवलं.

पुढे एका दुपारी जावई जेवायला आला. आग विझवणाऱ्यांचं ठाणं गल्लीच्या तोंडाशीच, आणि तो तिथेच कामाला.

"मामा, आज जुने दोर मोडीत काढले. आता गाडीवर सगळे तुमचेच. पोरं म्हणत होती, ताणून बघू. म्हटलं, लाल पेड दिसला ना? डोळे मिटून लटका."

दोरवाल्याला ठसका लागला.

"बाबा, पाणी प्या," मुलगी हसली. "कौतुकसुद्धा घशाखाली उतरत नाही तुमच्या."

"जावईबापू, ते दोर..."

भोंगा वाजला. जावई उष्ट्या हातानेच उठला.

"ते दोर जरा बघून घ्या," एवढंच दोरवाल्याच्या तोंडून निघालं.

"तुमचाच दोर, मामा. त्यात बघायचं काय?"

तो गेलासुद्धा. बाजारापलीकडच्या उंच इमारतीवर काळा धूर चढत होता. दोरवाल्याने खुंटीवरचा, स्वतः वळलेला दोर ओढला.

"अहो बाबा, हा कशाला? त्यांच्याकडे आहेत की ढीगभर!"

तो चपलाही न घालता धावत सुटला. पुढे गाडी वळत होती. तिच्या मागच्या फळीवर भेंडोळी रचलेली होती आणि लाल टोकं वाऱ्यावर हलत होती.