तिसऱ्या फेरीतली सावली

आमच्या आयोवातल्या ब्रँडल गावात ऑगस्टमधल्या विमानमेळ्याच्या शनिवारी माणसं वेडीच होतात. चहूकडून जुनी, कापडी, पिवळीजर्द 'कब' जातीची विमानं उतरतात आणि विमानं ठेवायच्या हँगरमध्ये पॅनकेकची पंगत बसते. शिवाय टेबलावर एक रेडिओ ठेवलेला असतो. हवेतलं कोण टॉवरशी काय बोलतंय ते सगळं गाव पाक चाटत ऐकतं आणि नंतर वर्षभर नक्कल करतं.

अशा दिवशी मार्लिसला एकटीनं उडायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा!

तीस वर्षं शाळेची बस हाकलेली बाई ती. साठी उलटल्यावर विमान शिकायला लागली, तेव्हा धाकटा भाऊ हार्लन पोट धरधरून हसला होता. तो स्वतः पंचवीस वर्षं विमान उडवणारा जुना वैमानिक. पहिल्यांदा एकट्यानं उडालेल्याचा शर्ट पाठीमागून कापून विमान क्लबाच्या भिंतीवर टांगायची आमच्याकडे रीत आहे. हार्लन म्हणाला होता, "मार्लिस, शर्ट जपून ठेव गं. त्याला कात्री काही लागत नाही!" ते तिला असं झोंबलं होतं की त्या दिवशी ती मुद्दाम सगळ्यात चांगला, निळ्या चौकड्यांचा शर्ट घालून आली होती.

"गर्दी व्हायच्या आत उडून, उतरून तीन फेऱ्या मारून ये," तिची शिक्षिका ग्रेटा विमानातून उतरता उतरता म्हणाली. "आणि लक्षात ठेव, उतरताना जरा जरी शंका आली तरी इंजिनाला पूर्ण जोर दे आणि वर चढ."

"हे तू मला हजारदा सांगितलंयस."

"मग हे हजार एकावं. जा!"

पहिली फेरी झकास झाली. दुसरीत चाकं जरा आपटली, पण विमान शाबूत आणि बाईही शाबूत. शेजारची खुर्ची रिकामी आणि ती एकटी हवेत! मार्लिस चक्क मोठमोठ्यानं गात होती.

तिसऱ्या फेरीला मात्र आकाश भरलं. पंगतीचे पाहुणे लवकर टपकले होते. टॉवरमध्ये बसून विमानांना उतरायचा क्रम देणाऱ्या लॉईडचा आवाज थांबेना.

"मार्लिस, उतरायला तुझा नंबर दुसरा. तुझ्यापुढे पिवळी कब आहे. दिसली का?"

मार्लिसनं डोळे फाडून पाहिलं. खाली सोयाबीनची हिरवी शेतं, वर धुरकट ऊन. "नाही दिसली."

"तुझ्या डाव्या हाताला, धावपट्टीच्या रोखानं."

"अजून नाही दिसली, लॉईड."

आता हँगरमध्ये हशा पिकला असणार, हे तिला इथं बसून कळत होतं. कान तापले. दिसली, असं म्हणून टाकायला काय जातंय? सगळे तेच करतात. पण बसमध्ये मुलं मोजल्याशिवाय तिनं कधी गिअर टाकला नव्हता. ती पाहत राहिली आणि झाडांच्या रांगेवर पिवळा ठिपका हलला.

"दिसली! आता दिसली!"

"शाब्बास. तिच्या मागून ये. हार्लन, तुझा नंबर तिसरा. तुझ्यापुढे मार्लिस आहे, पिवळं विमान. दिसलं का?"

"दिसलं, दिसलं," हार्लनचा आळसावलेला आवाज आला. जांभई तेवढी द्यायची राहिली होती.

क्लबाचं विमानही पिवळंच. आमच्या गावाला हौस दांडगी, पत्र्याच्या विमानालाही कबचा रंग देऊन ठेवलाय. त्यापायी काय होणार होतं, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही.

मार्लिस वळली. समोर सरळ धावपट्टी. कब उतरून बाजूला होत होती. आता फक्त खाली यायचं, बस्स! उजवीकडे पुढे, सोयाबीनवर तिच्या विमानाची सावली पळत होती. मार्लिसला तिचं भारी कौतुक वाटलं.

आणि मग तिला दुसरी सावली दिसली.

तिच्या सावलीच्या थोडी पुढे, तेवढीच मोठी, आणि मागे मागे सरकत तिच्याच सावलीला भिडायला आलेली. पुढे कुणी नाही, खालीही कुणी नाही. म्हणजे वर! तिच्या विमानाचे पंख तिच्याच डोक्यावर, त्यामुळे वरचं काही दिसत नव्हतं. आणि हार्लनच्या विमानाचे पंख त्याच्या पायाखाली, त्याला खालचं दिसणार नव्हतं.

हात आपोआप इंजिनाकडे गेला. शंका आली की चढ, शंका आली की चढ! हजार एक वेळा ऐकलेलं. पण चढायचं कुठं, बाई? भावाच्या चाकांत?

तिनं हात जागीच गोठवला. डावीकडून बाकीची विमानं येत होती, उजवीकडे मोकळं होतं. तिनं विमान उजवीकडे ढकललं, उंची न वाढवता, आणि ओरडली, "लॉईड, माझ्या डोक्यावर कुणीतरी आहे! मी उजवीकडे निघतेय! चढत नाहीये!"

"हार्लन, वर चढ! आत्ता चढ!" लॉईडचा आवाज फाटला.

छतावरून गडगडाट झाला. सगळं विमान थरथरलं. डावीकडच्या काचेतून तिला एक पांढरं पोट आणि तीन चाकं दिसली, इतकी जवळ की चाकाला चिकटलेलं गवतही दिसलं. मग ते वर वर गेलं.

"मार्लिस?" लॉईडनं विचारलं. "मार्लिस, बोल!"

"आहे रे बाबा, आहे! जिवंत आहे!" ती हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळेना. "आता चढू ना?"

"चढ, माझे आई, चढ!"

मग रेडिओवर हार्लन बोलला. सगळं गाव ऐकत होतं आणि त्याला ते माहीत होतं. "मी दिसलं म्हणालो. पण मी पुढची कब पाहिली आणि तिलाच मार्लिस समजलो. मार्लिसला मी पाहिलंच नव्हतं."

ती आणखी एक फेरी मारून आली आणि उतरली. सगळ्यांत छान ती तेव्हाच उतरली, असं ग्रेटा अजून सांगते.

हँगरपुढे पंगत उठून उभी होती. ग्रेटानं कात्री काढली, तर हार्लननं ती मागून घेतली. त्याचा चेहरा पांढराफटक होता आणि त्यानं निळ्या चौकड्या वाकड्यातिकड्या कापल्या.

"मार्लिस," तो पुटपुटला, "मी काय बोलू गं?"

"काही बोलू नकोस. पाठ कर." तिनं त्याच्या हातातली कात्री घेतली आणि त्याचाही शर्ट मागून कापला. लोकांनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की लॉईड टॉवरच्या काचेला येऊन चिकटला.

दोन्ही तुकडे आजही भिंतीवर शेजारी शेजारी टांगलेले आहेत. तिच्या तुकड्यावर तिचं नाव आहे. त्याच्या तुकड्यावर तिनं जाड पेनानं दोनच शब्द लिहिलेत, "नाही दिसलं." नवीन शिकाऊ आला की हार्लन स्वतः त्याला भिंतीपाशी नेतो आणि ते मोठ्यानं वाचायला लावतो.