वांग्यासारखी अक्षरं

रत्नाला जळगावात फ्लेक्सच्या दुकानात नोकरी लागली आणि घरच्यांनी पहिला बोर्ड तिच्याकडूनच करून घेतला. तिची आई कमलबाई नशिराबादजवळ हायवेला भरीत-पुरीची गाडी लावायची, त्या गाडीसाठी. बोर्डावर देव आले, आजोबा आले, मामा, दोन आत्या, आणि मधोमध हात जोडून उभे धाकटे काका प्रेमराज. आमच्याकडे फ्लेक्सवर एखादा माणूस राहिला, की घरात भांडण झालंय असंच लोक धरून चालतात. मग काकांच्या कोपराखाली उरलेल्या जागेत 'भरीत-पुरी' हे दोन शब्द बारीक, टोकदार, वेलबुट्टीच्या अक्षरांत कसेबसे मावले.

गाड्या सुसाट निघून जायच्या. लोकांना वाटे, कुणाचा तरी वाढदिवस असेल. थंडी पडली, वांग्यांचा ऐन मोसम आला, तरी कमलबाई संध्याकाळी भरलेलं पातेलं घरी आणायची.

एकदा ती पातेलं खाली ठेवत म्हणाली, "संक्रांतलगून देखू. नही जमनं तं गाडी इकी टाकू."

एवढी चव आईच्या हाताला आणि ती गाडी विकणार! रत्नाला रडूच कोसळलं.

दुसऱ्या दिवशी तिने कॉम्प्युटरवरून सगळे नातेवाईक पुसून टाकले. एक जाड, गोलसर अक्षर निवडलं. अंगाने भरलेलं, एकही टोक बोचणार नाही असं, जरासं लाडोबाच. आधी हौसेने सगळ्यात जाड घेतलं, तर लांबून 'भ'ची पोकळी बुजून नुसता गोळा दिसायला लागला. मग थोडं बारीक केलं, अक्षरांमध्ये मोकळी जागा सोडली. जांभळ्यावर पांढरा एकच शब्द उरला: भरीत.

बोर्ड लागला तशी कमलबाई हसत सुटली. "ह्या अक्षरं तं वांगासारखा दिखतस!" आणि लगेच तिचा चेहरा उतरला. "पन प्रेमराज काय म्हनी?"

धास्ती खोटी नव्हती. वांगी भाजायला कपाशीच्या काड्या प्रेमराजच्याच शेतातून यायच्या. तो रुसला तर चूलच थंड.

दुपारी तो मोटारसायकलवर आलाच, लालबुंद होऊन. "वहिनी, मना फोटो कोठे गया?"

रत्ना उत्तर जुळवत होती, तेवढ्यात मागे ट्रक थांबला. ड्रायव्हरने खिडकीतूनच विचारलं, "भरीत तयार आहे का?" त्याच्यामागे एक जीप थांबली, मग दुसरी. कमलबाईचे दोन हात पुरेनात. ते बघून प्रेमराज बाह्या सरसावून चुलीशी बसला आणि वांगी फिरवू लागला. भांडायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी पातेलं रिकामं होतं. जीपवाल्याने निघताना बोर्डाचा फोटो काढायला मोबाइल धरला. प्रेमराज सवयीनेच बोर्डाखाली मधोमध जाऊन हात जोडून उभा राहिला, तोंडाला काजळी, डोळ्यांत धूर.

कमलबाई म्हणाली, "भाऊ, आते फोटो कसाले? तू सोता उभा शे ना!"

प्रेमराज हसला नाही. मोटारसायकलला किक मारून तो एवढंच म्हणाला, "सकायले काड्यासना दोन भारा जास्ती लई येसू."