वृषभेतली धूळ

केडगावचे सुहास देव कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे आणि सुट्टीत आकाशाचे फोटो काढायचे. त्या हिवाळ्यात त्यांनी वृषभ राशीतला एक धुळीचा तेजोमेघ टिपायला घेतला होता. तो इतका फिकट, की पाच-पाच मिनिटं कॅमेरा उघडा ठेवून काढलेले शंभरेक फोटो एकावर एक रचले, तर कुठे तपकिरी धुरासारखं काही दिसणार. केडगावच्या उजेडात ते जमण्यासारखं नव्हतं. म्हणून तिसगावजवळ, ओळखीचे शेतकरी आप्पासाहेब यांच्या माळावर ते दुर्बीण लावत. आप्पासाहेब घोंगडी पांघरून सोबतीला बसत.

त्या आठवड्यात आसपासच्या वस्त्यांवर चोऱ्या झाल्या. चोर आधी ड्रोन फिरवून घरं हेरतात, अशी आवई उठली. माणसं काठ्या घेऊन राखणीला फिरू लागली.

"सर, आज नगं," आप्पासाहेब म्हणाले. "लोकं लई बिथरलीत."

"चार रात्री झाल्यात आप्पा. हवा स्वच्छ आहे. आज पुरं होईल."

अकराच्या सुमारास दहा-बारा जण बॅटऱ्या मारत आले. झोत थेट दुर्बिणीवर पडले. सुहास घाबरले नाहीत, चिडले.

"बॅटऱ्या बंद करा! फोटो वाया जाईल!"

"कसला फोटू? आमच्या घरांचा?"

आप्पासाहेब उठून मध्ये गेले. "आरं, मी हाय. सर माझं पाव्हनं हायेत. बंद करा बॅटऱ्या, समदं सांगतो."

त्यांच्या शब्दाखातर बॅटऱ्या विझल्या. झोतांनी दिपलेल्या डोळ्यांना काहीच दिसेना. तेवढ्यात ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारी मोटर घरघरली.

"ड्रोन उडवलं रं, उडवलं!" कुणीतरी ओरडलं आणि काठ्या चालल्या.

सुहासना खांद्यावर एक बसली. पुन्हा उजेड झाला तेव्हा आप्पासाहेब खाली पडले होते, कानातून रक्त येत होतं. माणसं पांगली.

तिसऱ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात आप्पासाहेब गेले.

"कुणी मारलं?" हवालदाराने विचारलं.

"दिसलं नाही," सुहास म्हणाले.

"एवढी माणसं, आणि एकही दिसला नाही?"

आप्पासाहेबांच्या पत्नी, छबूबाई, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "कसं दिसंल? अंधार सरांनीच मागितला हुता."



दहाव्याला ते तिसगावला गेले. अख्खं गाव जमलं होतं. ते दहा-बाराही त्यात असणारच. जो समोर येई तो "राम राम सर" म्हणे. सुहास एकेका चेहऱ्याकडे बघत हात जोडत राहिले.