स्पेक्ट्रोस्कोपी, भाग अकरा

तासगावात आमच्या ओळखीच्या निम्म्या माणसांचा असा समज आहे की स्पेक्ट्रोस्कोपी नावाच्या विषयाची अकरा पुस्तकं असतात. हा समज माझ्यामुळे झाला. पसरवला मात्र माझ्या सासऱ्यांनी, आणि तोही छाती फुगवून.

मी मूळची वाईची. एम.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला असताना माझं लग्न ठरलं. बैठकीत माझ्या वडिलांनी एकच अट घातली, मुलीचं शिक्षण पुरं व्हायला हवं. नवरा मुलगा, म्हणजे राजवर्धन, फौजेत, तेव्हा जैसलमेरला. तो काय बोलणार? बोलले ते त्याचे वडील, रिटायर्ड सुभेदार केरबा. "पोरगी शिकंल. माजा सबूद हाय," एवढंच म्हणाले आणि सुपारी फुटली.

शब्द त्यांनी पाळला. मी नाही पाळला.

सगळे पेपर सुटले, एक राहिला. स्पेक्ट्रोस्कोपी. रेणूवर प्रकाश टाकायचा आणि कागदावर उमटलेल्या रेषांवरून तो रेणू कोण ते ओळखायचं. पहिल्यांदा नापास झाले तेव्हा लग्नाची धावपळ हे कारण होतं. दुसऱ्यांदा काही कारण नव्हतं. विद्यापीठाची मुदत संपत आली होती. तिसरी खेप शेवटची, त्यानंतर सगळं शिक्षण पाण्यात. हे फक्त मला माहीत होतं. घरी मी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर सगळे अभ्यास कितपत झाला हे विचारत बसले असते.

अभ्यास होत नव्हता. नोट्सची वही उघडली की दोन ओळी वाचून मी ती मिटायचे. नापास झालेल्या माणसाला आपलीच वही कशी दिसते हे नापास झालेल्यालाच कळेल. सांगलीत माझ्या कॉलेजच्या रस्त्याला भाड्याने पुस्तकं देणारं एक दुकान आहे. तिथून एकदा एसटीत वाचायला म्हणून एक रहस्यकथा उचलली. तासगाव येईपर्यंत दोन खून पडले होते आणि तासभर मला माझी आठवणसुद्धा आली नव्हती. एवढं हलकं मला वर्षात वाटलं नव्हतं. मग दुसरी आणली. मग तिसरी. दारुड्याला जशी पहिली बाटली आठवते तशी मला ती पहिली एसटी आठवते.

ते पहिलं पुस्तक आबांनी माझ्या हातात पाहिलं. आबा म्हणजे सासरेच. कव्हरवर रक्ताळलेला सुरा होता, तो मी तळव्याखाली झाकला.

"पुस्तक असं उघडं बागडं ठिवू ने. आन हिकडं, कव्हर घालतो," ते म्हणाले.

"मीच घालते, आबा. तुम्ही फक्त कागद द्या."

त्यांनी खाकी कागद मापाने कापून, घड्या पाडून दिला. फौजेत चादरीचे कोपरे दुमडायला शिकवतात तशा त्या घड्या, डिंकाचा थेंब नाही. मी आत जाऊन पुस्तकाला तो चढवला. बाहेर आले तर आबा हातात लेबल आणि पेन घेऊन उभे.

"कंचा इषय?"

मला एकच विषय सुचला.

त्यांनी सावकाश, अक्षर न अक्षर विचारून लिहिलं. सौ. संयोगिता. एम.एस्सी. स्पेक्ट्रोस्कोपी. दुकानात पुस्तक परत करताना मी कव्हर काढून ठेवायचे, आणि नवं आणलं की आबा त्याच्या मापाचा नवा कागद कापायचे. भाग दोन. भाग तीन. पुस्तक उघडून त्यांनी कधीही बघितलं नाही. शिकणाऱ्याच्या पुस्तकात आपण नाक खुपसू नये असं त्यांचं मत होतं. उलट मी वाचत बसले की ते टीव्हीचा आवाज बंद करायचे. सासूबाई, लीलाबाई, भाकरीला हाक मारायला लागल्या की हे पुढं व्हायचे, "आगं, र्‍हाऊ दे तिला. मी बडवतो भाकरी." आणि खरोखर बडवायचे. शेजारचे कोंडीबाकाका हसायचे तर त्यांना सांगायचे, "तुला काय कळतंय गड्या, आटवा भाग चाललाय तिचा."

मला लाज वाटत नव्हती असं नाही. इतकी वाटायची की ती घालवायला पुन्हा पुस्तकच लागायचं.

अकराव्या भागापाशी दसरा आला. परीक्षा दसऱ्यानंतर पाचव्या दिवशी.

आमच्या घरात खंडेनवमीला हत्यारं पूजतात तशी सगळीकडेच पूजतात, पण इथं वर एक रीत आहे. पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्याला उचललं की तिथल्या तिथं एकदा चालवून दाखवायचं. ट्रॅक्टर असेल तर अंगणात एक फेरी. छाटणीची कात्री असेल तर द्राक्षाची एक काडी कापायची. बसून राहिलेलं हत्यार पूजेचं नसतं, असं आबा म्हणायचे. नवमीला त्यांनी आपली मेडलं मांडली, कात्र्या मांडल्या, ट्रॅक्टरची किल्ली मांडली, आणि माझ्या टेबलावरून उचलून भाग अकरा मांडला. त्याच्यावर हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. मी बघत राहिले. वही मांडा, असं म्हणायला तोंड उघडलं होतं, पण वहीवर धूळ होती.

दसऱ्याला कोंडीबाकाका आले होते. राजवर्धन व्हिडिओ कॉलवर होता, सासूबाईंनी मोबाईल देव्हाऱ्याकडे धरला होता. आबांनी काडी कापली. ट्रॅक्टरची फेरी झाली. मग भाग अकरा माझ्या हातात दिला.

"वाच पाच वळी. मोट्यानं."

मी पुस्तक उघडलं. अक्षरांवर नजर ठेवून तोंडाने केमिस्ट्री बोलायची, असं ठरवलं. एवढ्या वर्षांत पाच ओळी येणार नाहीत? "रेणूवर प्रकाश टाकला असता..." मी सुरुवात केली. "रेणूवर प्रकाश टाकला असता तो रेणू..." तो रेणू काय करतो ते मला आठवेना. सगळे माझ्याकडे बघत होते, मोबाईलमधून राजवर्धनसुद्धा. आणि समोर जे छापलं होतं तेच माझ्या तोंडून बाहेर पडलं.

"इन्स्पेक्टरने कपातला उरलेला चहा हुंगला. चहाला कसलातरी उग्र वास येत होता. हे विष साधंसुधं नव्हतं."

कोंडीबाकाका म्हणाले, "आयला, ह्यात इनिसपेक्टर कुटनं आला?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "विषाची तपासणी असते ना, आबा. त्याचं उदाहरण दिलंय."

"मग!" आबा कोंडीबाकाकांकडे वळले. चेहरा असा उजळला होता की मला बघवेना. "रसायन म्हनल्यावर ईष आलंच की. उंद्या पोलिस खात्यात बी घेतील पोरीला."

त्या संध्याकाळी मी सोनं देऊन त्यांच्या पाया पडले तेव्हा मनात म्हटलं, आता तरी. अजून चार दिवस आहेत. तहान लागल्यावर विहीर खणायची तर खणायची. पहिल्या दिवशी मी वहीची चौदा पानं वाचली, त्यातली दोन कळली. दुसऱ्या दिवशी सकाळी वही उघडली आणि पुन्हा मिटली. आणि मग, कुणालाही कधी सांगितलं नाही ते इथं सांगते, परीक्षा तीन दिवसांवर असताना मी दार लावून भाग अकराची उरलेली साठ पानं वाचून काढली. विष डॉक्टरनेच दिलं होतं. हे मला पहिल्या वीस पानांतच कळलं होतं.

परीक्षेच्या दिवशी आबा म्हणाले, मी येतो सोबत. नको म्हटलं तरी इस्त्रीचा शर्ट घालून एसटीत माझ्या शेजारी बसले. सांगलीत कॉलेजच्या फाटकासमोर दुकानाचा एक कट्टा होता, त्यावर टेकले.

"मी हितंच हाय. सावकास लिही. घाई करू नगंस."

पेपर हातात आला. मला जे येत होतं ते लिहून अर्ध्या तासात संपलं. दीड पान. उरलेले प्रश्न मी पुन्हा पुन्हा वाचले. रेषांचे आलेख दिले होते, हा पदार्थ कोणता ते ओळखा. तिथं मला काहीही दिसत नव्हतं. पुढच्या बाकावरची मुलगी पुरवणी मागत होती. मी पेपर देऊन उठू शकत होते. पण खिडकीतून कट्टा दिसत होता. आबा ताठ बसले होते, पहाऱ्यावर बसावं तसे. ऊन सरकत त्यांच्या गुडघ्यापर्यंत आलं, मग छातीपर्यंत, तरी ते जागचे हलले नाहीत. मी अडीच तास कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले. पेन हलतंय असं दिसावं म्हणून मागच्या पानावर माझंच नाव लिहीत राहिले.

बाहेर आले तेव्हा त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून दिली. त्यांनी स्वतः ती उघडलीही नव्हती.

"बराच मोटा पेपर हुता म्हनायचा," ते म्हणाले.

मला रडू आलं. रस्त्यावरच, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. म्हणाले, "आबा, मला काहीच आलं नाही. मी अर्ध्या तासात मोकळी झाले होते."

"मग बसून का र्‍हायलीस?"

"तुम्ही बसला होतात."

त्यांनी रुमाल काढून मान पुसली. मग म्हणाले, "असूं दे. हुतंय आसं. फुडल्या खेपंला फारम भरू."

"पुढची खेप नाही, आबा. ही शेवटची होती. मला माहीत होतं." आणि आता तोंड उघडलंच होतं तर सगळंच सांगून टाकलं. "ती पुस्तकं अभ्यासाची नव्हती. गोष्टींची होती. खुनाच्या."

"समदी?"

"सगळी."

आबा फाटकाकडे बघत उभे राहिले. ओरडले असते तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाले, "मी तुज्या बाला सबूद दिला हुता गं," आणि स्टॅंडच्या दिशेने चालायला लागले. मी चार पावलं मागून.

तासगावला उतरलो तर स्टॅंडवर कोंडीबाकाका भेटले. लांबूनच ओरडले, "काय सुबेदार, कसा गेला सूनबाईंचा पेपर?"

मी ठरवलं, आता मीच सांगायचं. अजून एक दिवससुद्धा खोटं नको. मी म्हणाले, "काका, मी..."

"झ्याक गेला," आबा म्हणाले.

हा माणूस साध्या शेतमजुराशीसुद्धा कधी खोटं बोललेला मी ऐकला नव्हता. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली आणि मला एकटीलाच ऐकू जाईल असं म्हणाले, "आता गप र्‍हा. आता ह्यात माजी बी लाज हाय."

कोंडीबाकाका जवळ आले. हसत होते, मनापासून.

"मग पेढं कवा?"

"निकाल लागूं दे की," आबा म्हणाले.